गव्हाणीतला आकडा

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

आलो एकदाचा! पुण्याहून नगर, नगरहून सोनई, आणि सोनईच्या पुढे तासभर कारखान्याच्या जीपमधून. ड्रायव्हरने वाटेत तीन ओळखीची माणसं आणि एक शेळी उचलली. मला विचारायची गरज काही त्याला वाटली नाही. तरी मूड छान आहे. गेस्ट हाऊसची खोली स्वच्छ, नळाला गरम पाणी, खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दिसते. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केलीय, आणि तसंही ते लक्षात ठेवावं असं काही नाही.

जनरल मॅनेजरांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. शालीला आधीच्या पाहुण्याच्या अत्तराचा वास होता. कंप्युटरसाहेब आले, कंप्युटरसाहेब आले, असा गलका. पंधरा वर्षं जावामध्ये प्रोग्राम लिहितोय, अनेक मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअर उभी केली, पण टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या. हसू दाबताना पुरेवाट झाली.

काम अगदीच पोरकट आहे. गव्हाणीत माणसं उतरतात, ती मोजायची. आत कुणी असेल तर पट्टा सुरू होता कामा नये. बस. एवढ्यासाठी माझ्यासारखा माणूस बोलावलाय! सहा आठवडे मस्त झोपा काढीन म्हणतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज गव्हाण पाहिली. ट्रक-ट्रॅक्टरमधला ऊस क्रेनने जिथे ओततात तो हा लोखंडी हौद, दोन पुरुष खोल आणि बसच्या तिप्पट लांब. तळाला साखळ्यांचा पट्टा. तो ऊस ओढत वर नेतो आणि टोकाला पाती फिरत असतात, तिथे त्याचा भुगा होतो. रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला पट्टा थांबवून आठ माणसं शिड्यांवरून आत उतरतात आणि माती, दगड, अडकलेल्या कांड्या काढतात. पूर्वेला एक दार, पश्चिमेला एक.

आणि माणसं आत किती आहेत हे ही मंडळी कसं ओळखतात? चपलांवरून! उतरणारा प्रत्येक जण आपल्या चपला स्विच-केबिनच्या उंबऱ्यावर काढून ठेवतो आणि गमबूट घालतो. उंबऱ्यावर एक जरी चप्पल असली तरी भिमाजी हँडलला हात लावत नाही. भिमाजी म्हणजे इथला स्विचवाला, तीस वर्षं कारखान्यात, त्यातली आठ याच खुर्चीवर, कानात केस, खिशात तंबाखूची डबी. एकविसाव्या शतकात अब्जावधी रुपयांची यंत्रं फाटक्या स्लिपरांच्या हुकमावर चालतात. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याला विचारलं, हा काय प्रकार. तर म्हणे आठ वर्षांमागं छगन नावाचा गडी आत राहिला हुता. तवाच्या स्विचवाल्यानं तोंडानं मोजलं, सात म्हणला, हुते आठ. तवापास्नं चपला. मी म्हटलं, बरं. आणखी काय बोलणार? पायताणाशी वाद घालता येत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

इथे कंप्युटर सेक्शन म्हणजे एक टेबल, दोन पंखे आणि राजेश्वरी. देवळाली प्रवऱ्याची मुलगी, डिप्लोमा झालेला, वर्षभर इथे. मोजणीचा प्रोग्राम तिने आधीच अर्धा लिहून ठेवला होता. उघडला आणि करमणूक झाली.

मॅनेजरांना सगळं समजावून सांगावं लागलं. म्हटलं, प्रोग्राम हे एक स्वयंपाकघर समजा. त्यात एकाच वेळी काम करणाऱ्या बायका म्हणजे थ्रेड. प्रत्येकीला वेगळं घर बांधून द्यावं लागत नाही. ओटा एक, मिठाचा डबा एक, म्हणून हा प्रकार हलका आणि झटपट. आपल्याकडे पूर्व दाराचा एक थ्रेड, पश्चिम दाराचा एक. माणसाने कार्ड लावलं की ते दार ‘गव्हाण’ नावाच्या ऑब्जेक्टमधला, म्हणजे या मिठाच्या डब्यातला, आकडा वाचतं, माणसाचा फोटो काढतं, आकड्यात एक मिळवतं आणि परत लिहितं. बाहेर पडताना एक वजा. आकडा शून्य झाला की हिरवा दिवा. मॅनेजर मान डोलवत होते. त्यांना मीठ तेवढं कळलं असावं.

तर या बाईंनी त्या आकड्याला लॉक घातलेलं. एक दार आकडा हाताळत असेल तर दुसऱ्या दाराने निमूट उभं राहायचं. त्यामुळे फोटो निघेपर्यंत दुसऱ्या दाराशी माणसं खोळंबणार. सुटीच्या वेळी तर एसटी स्टँड होईल! मी लॉक काढून टाकलं. त्याऐवजी आकड्यावर अशी खूण केली की कुठल्याही थ्रेडने वाचला तरी तो ताजाच दिसेल, शिळा नाही. एका शब्दाचं काम. दोन्ही दारं धाडधाड चालायला लागली.

राजेश्वरीने भीत भीत विचारलं, की सर, दोन्ही दारांनी आकडा एकदमच वाचला तर? मी म्हटलं, तुमच्या गावात दोन माणसांनी एकाच क्षणी काही केल्याचं अजून तरी मी पाहिलेलं नाही. शेजारच्या ऑफिसातले क्लार्क हसले. ती वहीत काहीतरी लिहीत बसली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. गव्हाणीवर मोठा दिव्यांचा फळा लावलाय: ‘आत माणसे’, खाली आकडा आणि लाल-हिरवा दिवा; तसाच दुसरा दिवा स्विच-केबिनच्या आत. हार, पेढे, भाषण. भाषणात मी सांगितलं की आजपासून चपलांची सत्ता संपली. टाळ्या बऱ्या पडल्या.

उंबऱ्यावर चप्पल दिसली तर गैरहजेरी, असा मेमो काढायला लावला. चपलांसाठी रॅक घेतलं, ते शंभर पावलांवर कँटीनपाशी. भिमाजी रॅककडे असा बघत होता की जणू त्याचं घर कुणी उचलून नेलं. मला म्हणाला, साहेब, तुमचा आकडा एक हाय, चपला आठ असत्यात. यातून काय समजायचं ते त्यालाच माहीत. मी त्याला गणित शिकवायला आलेलो नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज गंमत झाली. पावणेअकराला आठही माणसं बाहेर आली. कँटीनमध्ये गरम भजी होती, त्यामुळे दोन्ही दारांनी पळतच सुटली. फळ्यावर आकडा: १.

आत कुणी नाही. मी स्वतः वाकून पाहिलं. दिवा लाल, पट्टा बंद, यार्डात ट्रॅक्टरवाल्यांचे हॉर्न. शेवटी मी आकडा हाताने शून्य केला तेव्हा गाडं हललं. कुणीतरी कार्ड नीट लावलेलं नसणार. या लोकांना कार्ड म्हणजे दात कोरायची वस्तू वाटते.

सफाईवाल्यांत रिझवान म्हणून एक आहे, त्यातल्या त्यात तरतरीत. त्याने शपथेवर सांगितलं की आठही जणांनी कार्ड लावलं, आवाज पन ऐकला. मी म्हटलं, असेल.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पुन्हा. रिकामी गव्हाण, फळ्यावर १.

आता कुजबुज सुरू झालीय. छगन आत हाय म्हणे. आठ वर्षं कुनी मोजला न्हवता त्याला, आता मिशीननं मोजला. रंगुबाई नावाची झाडूवाली चक्क फळ्यापुढे उदबत्ती लावून गेली. माझ्या सर्किटपुढे उदबत्ती! राख वायरिंगमध्ये पडली असती तर?

मॅनेजरांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला. प्रोग्रामचा मूळ आराखडा स्थानिक कर्मचारी राजेश्वरी यांचा आहे, त्यात काही उणिवा राहिलेल्या दिसतात. शब्दशः खोटं नाही. तिला महिन्याची नोटीस मिळाली असं दुपारी कळलं. मला भेटायला आली नाही. रडारड झाली नाही हे बरंच झालं.

भिमाजीलाही यार्डात हलवायला लावलं. तो फळ्याकडे बघायचाच नाही, खिडकीतून सारखा गव्हाणीत डोकावायचा. त्याच्या जागी हनुमंत आलाय. त्याला एकच वाक्य पाठ करायला दिलं: हिरवा म्हणजे हँडल, लाल म्हणजे नाही. खिडकीच्या काचेला काळा कागद लावून टाकला. आता त्याचं लक्ष फक्त दिव्यावर राहील.

सोमवार, १ डिसेंबर

आज आकडा बरोबर आला. आठ गेले, आठ आले, शून्य. बघा म्हणावं.

पण सफाई संपल्यावर मी काठावर उभा होतो, तर खालून खरवडल्यासारखा आवाज आला. साखळी थंड होताना आकसते, तिचाच. मला माहीत आहे. तरी मी कोण आहे, कोण आहे, असं दोनदा ओरडलो. रिझवानने ते ऐकलं. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, २ डिसेंबर, दुपार

पुन्हा १. पुन्हा हाताने शून्य केला.

माणसांनी उतरायला नकार दिला. आठच्या आठ जण फळ्याखाली मांड्या घालून बसून राहिले. उद्या सकाळी सफाई झाली नाही तर पाती अडकतील, कारखाना बंद, आणि माझं नाव. मॅनेजर नगरला बैठकीला गेलेत, फोनवरून शिव्याच काय त्या द्यायच्या राहिल्या.

टेबलावर कार्ड हजार वेळा लावून पाहिलं. एका दाराला, मग दुसऱ्या दाराला. एकदाही चूक नाही. प्रोग्राम ओळीओळीने वाचला. चूक नाही. मग कोण आहे आत?

असलं वाक्य मी लिहिलं? शी!

जेवण गेलं नाही. पंखा बंद केला, आवाज सहन होईना. सारखं वाटतं की आकडा एकने जास्त येतो याचा अर्थ— जाऊ दे.

मंगळवार, संध्याकाळी पाच

ठरवलं. उद्या मी स्वतः उतरणार. या लोकांची अक्कल ठिकाणावर आणायची तर दुसरा उपाय नाही. रिझवान तयार झाला, तोही फार आढेवेढे घेऊन. म्हणाला, साहेब, तुमी आला तर येतो, पन लई वेळ न्हाई. एका दाराने तो, एका दाराने मी. तो कांड्या काढून वर जाईल, मी अर्धा तास एकटा बसून दाखवीन. छगन भेटला तर त्याचंही कार्ड काढून देईन.

बुधवार, ३ डिसेंबर, सकाळी १०.२०

गव्हाणीच्या तळाशी बसून लिहितोय. ओला लोखंडी वास, उसाचा आंबूस चिकटा, बाकी काही नाही. भूत नाही, प्रेत नाही.

प्रवेश मात्र झकास झाला. बाकीचे सातही जण बघत होते. मी पूर्व दाराशी, रिझवान पश्चिम दाराशी, आणि मी मोठ्याने एक-दोन-तीन म्हणालो. तीनला दोघांनी एकदम कार्ड लावलं. दोन्ही दारांचा एकच बीप. नाटकात शोभावं असं.

रिझवानने दहा मिनिटांत हाताला लागलं ते काढलं आणि निघाला. त्याला सांगितलं, दोन्ही शिड्या वर ओढून घे, नाहीतर साहेब मधेच पळाला म्हणतील. कार्ड लाव, सगळ्यांना कँटीनला ने, चहा पाज, आणि पावणेअकराला परत आण. मोबाईलही त्याच्याकडे दिलाय, मी वर येतानाचा व्हिडिओ काढायला. तो म्हणाला, हनुमंताला सांगून जाऊ का? मी म्हटलं, कशाला? मी आत असेपर्यंत दिवा लाल राहणार. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला.

शांत आहे. नाही, शांत नाही, गिरणीची घरघर आहे, पण माणूस नाही. बरं वाटतंय.

१०.२६

फळा इथून तिरका दिसतो. आकडा ० वाटतोय. ऊन पडलंय त्याच्यावर. १ असणार.

१०.२८

सरकून नीट पाहिलं. ० आहे.

दिवा हिरवा.

काहीतरी बिघडलंय दिव्याचं. रिझवान गेला, मी उरलो. दोनातून एक गेला, एक. इयत्ता पहिली.

दोन झाले होते का?

१०.३०

मी कार्ड लावलं. पूर्व दाराने आकडा वाचला, शून्य. फोटो काढत बसलं. तेवढ्यात पश्चिम दारानेही वाचला. शून्य. ताजाच होता. दोघांनाही ताजाच शून्य. दोघांनी त्यात एक मिळवला. दोघांनी एक लिहिला. एकावर एक. आत माणसं दोन, फळ्यावर एक.

रिझवान गेला. एकातून एक.

आधी तिन्ही वेळा उलटं झालं होतं. दोघे एकदम बाहेर, वजाबाकी एकच उरली. आत कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. छगनबिगन कुणी नाही. मूर्ख. मी.

ती पोरगी हेच विचारत होती. एकदमच वाचला तर.

१०.३२

ओरडलो. घसा बसला. हनुमंत केबिनमध्ये, काचेला काळा कागद. भिमाजी असता तर डोकावला असता. भिंत गुळगुळीत, चिकट. तीनदा उडी मारली. घोटा गेला. साखळीवर चढून पाहिलं, काठ हातभर उरतो. हातभरच.

पहिली घंटा झाली.

तीन होतात. दर मिनिटाला एक. हा नियम इथला जुना आहे, माझा नाही. तिसरीनंतर पट्टा.

भिमाजी रोज तिन्ही घंटांना उठून काठावर यायचा. मी हसायचो.

१०.३३

ही वही वर भिरकावता येईल. पश्चिमेच्या काठापलीकडे. म्हणून लिहितो. लवकर.

जो कुणी वाचेल त्याने ही राजेश्वरीला द्यावी. दुपारी तीनला दुसरी सफाई आहे, त्या माणसांना उतरू देऊ नका. फळा फोडा. दिवा फोडा. आकडा वाचणं आणि लिहिणं, दोन्हीच्या भोवती मिळून लॉक हवं, एका वेळी एकच थ्रेड. तिला माहीत आहे. तिने घातलं होतं. माझी खूण पुरत नाही. ताजं दिसणं आणि एकट्याने हाताळणं, दोन्ही वेगळं— एवढं साधं— पंधरा वर्षं—

दुसरी घंटा.

मॅनेजरसाहेब, खुलाशात मी लिहिलं ते खोटं आहे. तिची नोटीस मागे घ्या. तिला काढू नका. इथे समजणारी ती एकटीच. भिमाजीला परत बसवा. त्याच्या पाया— नाही, वेळ नाही—

हात ओला आहे, अक्षर—

रिझवान येतोय का? कुणीतरी हसतंय कँटीनकडे. रिझवान! अरे

साखळी ताणली गेली. नुसती ताणली. अजून तिसरी नाही.

नीट लिहितो. पुरावा राहिला पाहिजे. मी शुद्धीवर लिहितोय. चूक राजेश्वरीची नाही. प्रोग्राम तिचा बरोबर होता. दिनांक वीस नोव्हेंबरला त्यातलं लॉक काढून टाकलं ते